वजन हललं नाही तरी बायका खूश आहेत, हे मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला स्त्रियांसाठी व्यायामवर्ग चालवणाऱ्या एका ताईंकडे तीसेक जणी येतात, वय पस्तीस ते साठ. तीन महिन्यांच्या तुकडीनंतर दोघीचौघींचं वजन थोडं उतरलं, बाकीच्यांचा काटा जागचा हलला नाही. तरी बायका म्हणतात, ‘आता अंगाबद्दल बरं वाटतं.’ मानसशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने सुरुवातीला आणि शेवटी आकृत्यांची चाचणी घेतली, तर दोन्ही वेळचे आकडे जवळपास सारखे आले. ताई विचारतात : बायका माझं मन राखायला असं बोलतात का? की मोजायची गोष्टच वेगळी आहे? आणि ते मराठीतून होईल का?

ताई, समुपदेशनाबरोबर चाचण्या तयार करण्याचं आणि तपासण्याचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या बायका खरं बोलत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. चाचणीनेही तिचं काम बरोबरच केलंय. तुम्हाला जे बघायचं होतं ते तिच्या कक्षेत नव्हतं.

त्या आकृत्या बहुधा अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांच्या असणार, १९८३ च्या. अगदी काटकुळीपासून अगदी जाड बाईपर्यंत नऊ रेखाचित्रं एका ओळीत असतात. ‘तुम्ही आत्ता कुठल्या चित्रासारख्या दिसता?’ आणि ‘कुठल्या चित्रासारखं दिसावंसं वाटतं?’ एवढंच विचारायचं आणि वजाबाकी करायची; येईल तो आकडा म्हणजे असमाधान. एखादीने जूनमध्ये सहा आणि चार सांगितलं, सप्टेंबरमध्येही सहा आणि चार सांगितलं, की बदल शून्य. मधल्या काळात तिने दोन वर्षं टाळलेली थायरॉइडची तपासणी करून घेतली, बिनबाह्यांचा कुर्ता शिवला, बारशाच्या फोटोत मागच्या रांगेत जाणं सोडलं. यातलं काहीही त्या कागदावर उतरायला जागा नाही.

शरीराबद्दलचं असमाधान आणि शरीराची कदर, म्हणजे त्याला मान देणं आणि त्याची काळजी घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा मनाशी पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं होतं. एक कमी झालं की दुसरं आपोआप वाढतं असं नाही, आणि एक तसंच राहून दुसरं वाढू शकतं. संशोधकांनाही हे उशिरा उमगलं. या क्षेत्रातली जुनी साधनं आली खाण्याच्या विकारांच्या दवाखान्यांतून, त्यामुळे ती त्रास शोधण्यासाठी बनली. १९८७ ची चौतीस प्रश्नांची ‘बॉडी शेप क्वेश्चनेअर’ घ्या : जाड वाटण्याची धास्ती, आरशात स्वतःला पाहून वाईट वाटणं, लोकांत जायची लाज, सगळी विचारणा अशीच. तिच्यात अगदी कमी गुण आले तर बाईला त्रास नाही एवढं कळतं. तिला आपल्या शरीराविषयी काय वाटतं हा भाग कोराच राहतो.

२०१० मध्ये निकोल वुड-बारकालो, ट्रेसी टिल्का आणि त्यांच्या सहकारी यांनी अमेरिकेत उलटा रस्ता धरला. ज्यांना आपलं शरीर आवडतं अशा कॉलेजच्या मुलींनाच बसवून सविस्तर बोलतं केलं. त्यांच्याही तक्रारी होत्या. मांड्या जाड, नाक मोठं वगैरे. पण ती तक्रार त्यांच्या दिवसावर राज्य करत नव्हती. शरीराच्या भुकेकडे, झोपेकडे, थकव्याकडे त्या लक्ष देत होत्या. सौंदर्याची त्यांची व्याख्या ऐसपैस होती. आणि बाहेरून येणारं बोलणं, जाहिराती, टोमणे त्या चाळणीतून गाळून घेत होत्या : उपयोगाचं आत, बाकीचं बाहेर. संशोधकांनी या गाळण्याला संरक्षक चाळणी अशा अर्थाचं नावच दिलं आहे.

तुमच्या वर्गाच्या वयाशी जुळणारा एक अभ्यासही सांगते. मारिका टिगेमन आणि ॲलिस मॅककोर्ट यांनी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अठरा ते पंचाहत्तर वयाच्या स्त्रियांना तपासलं. मोठ्या वयाच्या स्त्रियांत शरीराची कदर जास्त आढळली. शिवाय असमाधान आणि कदर यांचं नातं वय वाढेल तसं सैल होत गेलं होतं. म्हणजे पन्नाशीची बाई ‘पोट सुटलंय’ असंही म्हणेल आणि त्याच शरीराची मनापासून काळजीही घेईल. तुमच्याकडच्या आकड्यांत हेच चाललं असावं.

आता साधन. या कामाला मी प्रथम ‘बॉडी ॲप्रिसिएशन स्केल’ची दुसरी आवृत्ती घेईन. पहिली २००५ ची, तेरा विधानांची. दुसरी टिल्का आणि वुड-बारकालो यांची, २०१५ ची, दहा विधानांची. ‘मला माझ्या शरीराबद्दल आदर आहे’, ‘माझ्या शरीराच्या गरजांकडे माझं लक्ष असतं’, ‘मी माझ्या शरीरात सहज असते’ अशा धर्तीची ती विधानं आहेत. प्रत्येकीपुढे पाच पर्याय : कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. एक ते पाच गुण, दहांची बेरीज, भागिले दहा. चौतीस बेरीज आली तर ३.४. पाच मिनिटांचं काम. ही मोजपट्टी पासष्ट देशांत, चाळीस भाषांतून, सुमारे सत्तावन्न हजार लोकांवर तपासली गेली आहे आणि २०२३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत, त्यामुळे तिच्या पायाबद्दल चिंता नाही.

चिंता आहे ती आपल्याकडच्या उत्तरांची. नवीन प्रश्नावली छापण्याआधी मी चार-सहा जणींना एकेकटं बसवते, विधान मोठ्याने वाचायला सांगते आणि उत्तर देताना मनात काय आलं ते बोलायला सांगते. शरीराच्या गरजांकडे लक्ष असण्याच्या विधानावर घरोघरी पोळ्या करणाऱ्या एका बाईंनी क्षणात ‘नेहमी’वर खूण केली. मी विचारलं, म्हणजे काय करता? ‘खांदा दुखला की बाम चोळते आणि पुढच्या घरी जाते. अंगाला माहितीये, थांबायचं नाही.’ त्यांच्यानंतर बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. रोज पहाटे वेताळ टेकडीवर जाणाऱ्या, वेळेवर जेवणाऱ्या, दुपारी पाय लांब करून पडणाऱ्या. त्यांनी ‘कधी कधी’वर खूण केली, कारण त्यांच्या मते अजून पुष्कळ करायला हवं. पहिलीला पाच, दुसरीला तीन. कागद बघणाऱ्याला वाटेल पहिलीच शरीराची जास्त काळजी घेते.

यावर माझा तोडगा साधा आहे. त्या विधानाला लागून दोन उदाहरणं द्यायची : थकवा आला तर थोडं थांबणं, भूक लागली की जेवणं. उदाहरण मिळालं की पोळीवाल्या बाईंसारख्या बायका क्षणभर थांबतात आणि खरं उत्तर देतात. पण असा बदल करायचा तर मूळ संशोधकांची परवानगी घ्यावी लागते आणि बदललेलं विधान पुन्हा चार जणींसमोर वाचून बघावं लागतं. आणखी एक विधान असंच अडतं, मान ताठ ठेवून हसतमुखाने वावरण्याचं. एकत्र कुटुंबातल्या एका सुनेने मला अगदी गंभीरपणे विचारलं, ‘सासऱ्यांसमोरही?’ तिच्या घरात तशा वावरण्याचा अर्थ उद्धटपणा होतो, आणि तिला गुण कमी पडले तर तो तिच्या शरीरप्रतिमेचा, म्हणजे स्वतःच्या शरीराबद्दल तिला जे वाटतं त्याचा, दोष नव्हे. तिथेही उदाहरण आपल्याकडचं हवं. मी ‘लग्नकार्यात चारचौघींत निःसंकोच मिसळते’ असं वापरून पाहिलं आहे, ते बायकांना पटकन कळतं.

रंगाचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. आपल्याकडे स्वतःच्या दिसण्याविषयी बोलताना बाई वजनाच्याही आधी रंगावर येते. ‘सावळी आहे पण तरतरीत आहे’ यातला ‘पण’ लहानपणापासून कानावर पडलेला असतो. फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नाव बदललं, त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाची चाळणी काढली. कांदेपोह्यांच्या बैठकीतली नजर मात्र तीच आहे. या दहा विधानांत रंगाचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून रंग, केस आणि बाळंतपणाच्या खुणा यांच्यावर दोन-तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. पण त्यांचे गुण दहांच्या सरासरीत मिसळू नका, नाहीतर तुमचा आकडा कुणाच्याच आकड्याशेजारी ठेवता येणार नाही.

दुसरं साधन तुमच्यासाठी त्याहूनही मोलाचं ठरेल : ‘फंक्शनॅलिटी ॲप्रिसिएशन स्केल’. जेसिका अलेवा, टिल्का आणि ॲशली क्रून व्हॅन डीस्ट यांनी २०१७ मध्ये केलेलं. फक्त सात विधानं, उत्तराच्या पायऱ्या इथेही पाच, पण ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा. शरीर काय काय करू शकतं याबद्दल बाईला किती कदर वाटते, एवढंच यात बघायचं. चालणं-उचलणं तर आहेच, पण श्वास, पचन, जखम भरून येणं, चव, स्पर्श, गाणं, नाच, मिठी मारणं, रडणं हेसुद्धा शरीराचं करणंच. व्यायामवर्गात बदल दिसलाच तर आधी इथे दिसण्याची शक्यता मला जास्त वाटते. ज्या बाईला पर्वतीच्या पायऱ्या चढताना दोनदा टेकावं लागायचं, ती आता एका दमात वर पोचते. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघते आणि कंबर बोलत नाही. तिला आरशात काही वेगळं दिसलेलं नसतं.

इथे एक धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या बायकांना शरीराच्या उपयोगाबद्दल विचारलं की त्या घराच्या उपयोगाबद्दल बोलतात. ‘देवाच्या दयेने हातपाय चालताहेत, कुणावर भार नाही.’ यात कृतज्ञता आहे, नाही असं नाही. पण कधी कधी त्यात भीती असते : चालेनासे झाले तर माझं काय मोल? सातच्या सात विधानांवर ‘पूर्ण सहमत’ म्हणणारी एखादी बाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर खाटेवर पडली की पार कोसळते, कारण तिची कदर शरीराची नव्हती, राबण्याची होती. म्हणून गुणांसोबत एक खुला प्रश्न ठेवा आणि खाली चार ओळींची जागा सोडा : ‘गेल्या महिन्यात तुमच्या शरीराने तुम्हाला कुठला आनंद दिला?’ ‘तुम्हाला’ या शब्दाखाली रेघ मारा. तुकडीच्या सुरुवातीला निम्म्या जणी तिथे मुलांबद्दल किंवा स्वयंपाकाबद्दल लिहितील. शेवटी किती जणी स्वतःबद्दल लिहितात ते बघा. मला तर कित्येकदा या चार ओळींनीच आकड्यांपेक्षा जास्त सांगितलं आहे.

आणि आजारी, अपंग किंवा शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना यातून वगळू नका. ही ताकदीची परीक्षा नाही. स्तनाच्या कर्करोगातून उठलेली बाई या प्रश्नांवर वर्गातल्या सगळ्यांत चपळ मुलीपेक्षा जास्त गुण घेऊ शकते.

इतर साधनांविषयी थोडक्यात. लोकांच्या नजरेतून स्वतःला न्याहाळत राहण्याची सवय मोजायची असेल तर मॅकिन्ली आणि हाइड यांची १९९६ ची मोजपट्टी आहे. ज्यांना तरुण मुलींचा गट घ्यायचा आहे त्यांनी ती जरूर बघावी, तुमच्या वयोगटाला मी आग्रह धरणार नाही. भुकेच्या खुणा ओळखून खाण्यावर ‘इंट्युइटिव्ह ईटिंग स्केल’ची तेवीस विधानांची २०१३ ची आवृत्ती आहे. ती घ्यायची तर चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांचा विचार आधी करा. उपासाच्या दिवशी भूक मारणारी प्रत्येक बाई शरीराशी भांडत नसते, आणि काही जणी उपासाच्या आडून नक्कीच भांडत असतात. तो फरक ती प्रश्नावली करू शकणार नाही, तुम्हाला बोलूनच करावा लागेल.

मराठी प्रतीबद्दल. त्या विद्यार्थिनीने स्वतः भाषांतर केलं असेल तर तिला सांगा की पायऱ्या ठरलेल्या आहेत. मूळ लेखकांना ईमेल करून परवानगी. दोघींनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, एक मानसशास्त्रातली, एक बाहेरची. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसरीने ते परत इंग्रजीत न्यायचं. मग सगळ्यांनी एकत्र बसून जिथे अर्थ घसरला तिथे दुरुस्ती. त्यानंतर मी वर सांगितलं तसं बायकांसमोर मोठ्याने वाचन, आणि यात फक्त सदाशिव पेठेतल्या पदवीधर नकोत. हडपसर, धनकवडी, येरवडा इथल्याही हव्यात, आणि सातवीपर्यंत शिकलेल्याही. शेवटी दोन-तीनशे जणींकडून भरून घेऊन घटक विश्लेषण, म्हणजे सगळी विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात का याची आकडेवारीने तपासणी. तीस जणींवर ते होत नाही, कुणी केलं तर विश्वास ठेवू नका. विश्वसनीयतेचा अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा (जास्तीत जास्त १), या मोजपट्टीत सहसा ०.९ च्या आसपास येतो. तो आला म्हणून भाषांतर चांगलं झालं असं मात्र नाही. दहा सारखी वाक्यं एकाच सुरात विचारली की अल्फा चढतोच.

तुमच्या वर्गापुरतं पाहायचं तर हा सगळा खटाटोप तुम्ही करायचा नाही. तुम्हाला हवी एक तपासलेली प्रत आणि घेण्याची शिस्त. ती शिस्त सांगते, कारण निम्मी मोजमापं इथेच बिघडतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. या दहाही विधानांचा रोख चांगल्याकडे आहे, उलट गुणांचं एकही विधान नाही. त्यामुळे तुमचं मन राखायला पुढच्या पुढच्या चौकटीत खुणा करत जाणं फार सोपं असतं. म्हणून फॉर्म तुम्ही वाटू नका आणि गोळा करू नका. वर्गाशी संबंध नसलेली मुलगी बसवा, नावाऐवजी खुणेचा आकडा द्या, बंद पेटीत टाकू द्या. व्यायाम झाल्यावर नको, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटत असतं; वर्गाआधी घ्या. ज्या खोलीत वजनकाटा किंवा मोठा आरसा आहे तिथे नको. ज्यांना वाचायला अवघड जातं त्यांना एकटीला बाजूला घेऊन वाचून दाखवा, मैत्रिणीला भरू देऊ नका. लग्नसराईत आणि दिवाळीच्या फराळानंतरच्या आठवड्यात पहिली मोजणी ठेवू नका, तेव्हा साडीच्या ब्लाउजने आधीच निकाल सांगितलेला असतो.

मोजायचं तीनदा : सुरुवातीला, तुकडी संपताना आणि त्यानंतर तीन महिन्यांनी. तिसरी मोजणी चुकवू नका, उत्साह ओसरल्यावर काय उरतं ते तिथेच दिसतं. शक्य असेल तर पुढच्या तुकडीसाठी नाव नोंदवून थांबलेल्या बायकांकडूनही पहिल्या दोन वेळा फॉर्म भरून घ्या. त्यांचेही गुण तितकेच वाढले तर श्रेय वर्गाचं नाही. तुलना प्रत्येक बाईची तिच्याच आधीच्या गुणांशी करा. अमेरिकेतल्या सरासरीशी नको, शेजारच्या बाईशी तर मुळीच नको. या मोजपट्टीला ‘इतक्याच्या खाली म्हणजे वाईट’ अशी रेषा नाही, आणि कुणी तुम्हाला तशी रेषा सांगितली तर ती त्यांच्या मनातली आहे.

गुण वाढावेत यासाठी काही करता येतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. दिसण्यासाठी केलेला व्यायाम आणि बरं वाटण्यासाठी केलेला व्यायाम यांचा शरीरप्रतिमेवरचा परिणाम वेगळा असतो, हे अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. त्यामुळे ‘चला, हे पोट जाळायचंय’ असं तुम्ही समोरून ओरडता की ‘श्वास कुठे पोचतोय बघा’ म्हणता, याने फरक पडतो. अलेवा यांनीच २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग केला होता : बायकांनी तीन वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं, आपलं शरीर काय करतं आणि त्याचं आपल्याला काय वाटतं यावर लिहायचं. तेवढ्यानेही शरीराबद्दलचं समाधान वाढलं होतं. शनिवारचा वर्ग थोडा आधी संपवून हे सहज करता येईल, वह्या बायकांच्याच, तुम्ही वाचायच्या नाहीत.

एक खबरदारी. ही दोन्ही साधनं विकार शोधत नाहीत. वर्गात कुणी जेवण सोडत असेल, खाऊन उलटी काढत असेल, पाळी थांबली असेल किंवा स्वतःच्या शरीराचा तिरस्कार वाटतो असं चार ओळींत लिहीत असेल, तर गुण कितीही असोत, तिला एकटीला गाठून बोला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. लगेच कुणाशी बोलायला हवं असेल तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. खुणेच्या आकड्यावरून बाई ओळखता यावी म्हणून आकडे आणि नावं यांची यादी त्या मुलीने बंद लिफाफ्यात ठेवावी, तो फक्त अशा वेळी उघडायचा, आणि हे बायकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं.